ट्यूडरकाळाचा अदृश्य साक्षी

गेलेला काळ परत येत नाहीं, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तरीही तो एकदां तरी प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावा, ही इच्छा मनुष्याला सुटलेली नाहीं. एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें १८९५ सालीं कालयंत्रावर कादंबरी लिहून या इच्छेला यंत्राचें रूप दिलें. आपल्याकडे ही इच्छा त्याहून पुष्कळ जुनी आहे. हस्तिनापुरच्या आंधळ्या राजाला कुरुक्षेत्रावरचा वृत्तांत सांगणारा संजय हा तिचाच पुतळा होय. मात्र संजयाला स्थळाचें अंतर ओलांडावयाचें होतें. आपणांस काळाचें ओलांडावयाचें आहे. आजच्या भाषणांत मी आपणांस ट्यूडर घराण्याच्या इंग्लंडांत घेऊन जाणार आहें.

ट्यूडर घराण्याचें राज्य इ. स. १४८५ पासून १६०३ पर्यंत, म्हणजे ११८ वर्षें टिकलें. सातवा हेन्री, आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ असे पांच राज्यकर्ते त्यांत होऊन गेले. नऊ दिवसांची राणी जेन ग्रे हिला धरल्यास सहा. या घराण्यावर इतकीं नाटकें, कादंबऱ्या आणि चित्रपट झाले आहेत कीं, त्यांतील प्रत्येक प्रसंगाचा शेवट आपणांस आधींच पाठ असतो. सहा बायकांचा दादला हेन्री, कुमारी राणी एलिझाबेथ, बुडालेलें स्पॅनिश आरमार, एवढें म्हटलें कीं कथा संपली. परंतु ज्या कथेचा शेवट आधींच ठाऊक असतो तिच्यांतलीं माणसें कळसूत्री बाहुल्यांसारखीं दिसूं लागतात. तीं घाबरतात, चुकतात, वाट पाहतात, याचा आपणांस विसर पडतो. हा विसर घालवावा, यापलीकडे आजच्या प्रवासाचा हेतु नाहीं.

निघण्यापूर्वीं दोन अटी मान्य करूं. पहिली अट अशी कीं, आपण पाहावें, ऐकावें, परंतु कशालाही हात लावूं नये व कोणासही सावध करूं नये. दुसरी अट अशी कीं, एका वेळीं एकाच ठिकाणीं उभें राहावें. संजयाला व्यासांच्या प्रसादानें दोन्ही सैन्यें दिसत होतीं, योद्ध्यांच्या मनांतले विचारही कळत होते. आपणांस दोन डोळे आणि दोन कान यांखेरीज कांहीं मिळणार नाहीं. तिसरीही एक अट आहे. पण ती वाटेंत आपोआप पुढें येईल.

आपला पहिला मुक्काम बॉसवर्थच्या रणांगणावर, ता. २२ ऑगस्ट १४८५ रोजीं. येथें उतरतांनाच पहिली अडचण उभी राहते. हें रणांगण नेमकें कोठें? पिढ्यान्‌पिढ्या लोक अँबियन नांवाची टेकडी दाखवीत आले होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संशोधकांनीं शेतें पद्धतशीर धुंडाळलीं, तेव्हां तोफांचे शिशाचे गोळे आणि तिसऱ्या रिचर्डचें चिन्ह असलेला रानडुकराचा छोटा रुपेरी बिल्ला त्यांना मिळाला; तो त्या टेकडीपासून सुमारें दोन मैलांवर. जुन्या पुस्तकाच्या भरंवशावर टेकडीवर जाऊन उभा राहिलेला प्रवासी लढाईचा केवळ दूरचा गलबला ऐकून परत आला असता.

योग्य जागीं उभें राहिल्यावर काय दिसतें? एका बाजूस राजा रिचर्ड, वय ३२, राज्यावर येऊन दोन वर्षें झालेला. दुसऱ्या बाजूस हेन्री ट्यूडर, वय २८. त्यानें आयुष्याचीं मागचीं १४ वर्षें ब्रिटनी आणि फ्रान्स येथें परागंदा अवस्थेंत काढलेलीं. पंधरा दिवसांपूर्वींच तो वेल्सच्या किनाऱ्यावर उतरलेला. आणि या दोघांपासून वेगळें, एका अंगाला, स्टॅन्ले बंधूंचें सैन्य स्वस्थ उभें आहे. लॉर्ड स्टॅन्ले हा हेन्रीचा सावत्र बाप. परंतु त्याचा मुलगा रिचर्डच्या छावणींत ओलीस. सकाळपासून सगळ्यांच्या मनांत एकच प्रश्न आहे : स्टॅन्ले कोणाकडे वळणार? शेवटीं थोड्याशा लोकांसह हेन्री दिसतांच रिचर्ड स्वतः घोडा फेंकून त्याच्यावर तुटून पडतो. त्याच क्षणीं सर विल्यम स्टॅन्ले आपले लोक घेऊन हेन्रीच्या मदतीला धांवतो. रिचर्ड पडतो, आणि मुकुट हेन्रीच्या मस्तकीं चढतो.

आपल्या पुस्तकांत या दिवसाला ‘ट्यूडर युगाचा उदय’ म्हणतात. त्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही युगाचा उदय दिसत नव्हता. घोड्यावर बसून वाट पाहणारा एक मनुष्य, आणि तो कोणीकडे वळतो याची वाट पाहणारे हजारों, एवढेंच त्याला दिसलें असतें. इतिहास शिकवितांना मला नेहमीं असें आढळलें कीं, मुलें जिंकलेल्याला शहाणा समजतात आणि हरलेल्याला मूर्ख. बॉसवर्थला अर्धा तास उभें केलें तर त्यांची ही समजूत जाईल. ज्या सर विल्यम स्टॅन्लेच्या त्या धांवेमुळें हेन्रीला राज्य लाभलें, त्याचाच शिरच्छेद दहा वर्षांनीं, १४९५ सालीं, राजद्रोहाच्या आरोपावरून त्याच हेन्रीच्या राज्यांत झाला. रिचर्डचें प्रेत लेस्टर येथील मठांत घाईनें पुरलें गेलें. तें २०१२ सालीं मोटारी उभ्या करण्याच्या एका आवाराखालीं सांपडलें, २०१३ सालीं त्याची ओळख पटली आणि २०१५ सालीं तेथील मुख्य चर्चमध्यें त्यास सन्मानानें पुन्हां पुरण्यांत आलें. त्याचा कणा एका बाजूस वांकलेला होता, हें त्या हाडांवरून सिद्ध झालें; परंतु ट्यूडर काळांतील लेखकांनीं त्याला चिकटविलेल्या वाळक्या हाताचा मात्र त्यांत मागमूस नाहीं. पांचशें वर्षें मातींत पडलेलीं हाडें राजाश्रित लेखणीपेक्षां अधिक खरीं बोललीं.

आतां ५१ वर्षें पुढें जाऊं. ता. १९ मे १५३६ ची सकाळ. स्थळ, लंडनचा टॉवर हा राजकिल्ला. आठव्या हेन्रीची दुसरी राणी अॅन बोलिन हिला आज देहान्त शिक्षा व्हावयाची आहे. ती खरें म्हणजे काल व्हावयाची होती. एक दिवस पुढें ढकलली गेली. चार दिवसांपूर्वीं तिचा न्याय झाला. दोन दिवसांपूर्वीं तिचा भाऊ आणि आणखी चार पुरुष मारले गेले. कुऱ्हाडीऐवजीं तरवार वापरावयाची म्हणून कॅलेहून खास मारेकरी आणविला आहे. प्रेक्षकांत राजमंत्री टॉमस क्रॉमवेल आहे. हा खटला उभा करण्यांत त्याचा मोठा हात होता. राणी मंचावर चढते, चार शब्द बोलते, आणि त्या शब्दांत ती राजाची स्तुति करते.

श्रोतेहो, प्रत्यक्ष साक्षीदार येथेंच फसण्याचा संभव आहे. आपल्या कानांनीं ऐकलें, म्हणून तो परत येऊन सांगेल कीं, राणीनें राजाला दोष दिला नाहीं. अर्थात् तिला आपला अपराध मान्य असावा. परंतु त्या काळीं वधमंचावरून राजाची निंदा करण्याची रीत नव्हती. मरणाराचीं माणसें मागें राहत असत, आणि त्यांना त्याच राजाच्या राज्यांत जगावयाचें असे. अॅनच्या मागें तर तीन वर्षेंही पुरीं न झालेली मुलगी होती. शब्द कानांनीं ऐकतां येतात. ते कोणत्या भीतीखालीं उच्चारले गेले हें समजण्यास अभ्यास लागतो.

त्या मुलीचें नांव एलिझाबेथ. आणि हें नांव आठवतांच आपली तिसरी अट पुढें येते. मंचावरच्या त्या स्त्रीला ओरडून सांगावेंसें वाटतें कीं, बाई, तुझी ही पोर पुढें ४४ वर्षें राज्य करील. पहिल्या अटीनें आपलें तोंड बांधलेलें आहे. परंतु खरी गोष्ट याहून खोल आहे. आपणांस तें ठाऊक असल्यामुळें आपण त्या सकाळीं जें आहे तें पाहूंच शकत नाहीं. आपणांस मंचाच्या वर एलिझाबेथचा मुकुट तरंगतांना दिसतो. तेथें जमलेल्यांपैकीं कोणालाही तो दिसत नव्हता. त्यांना दिसत होती एक आईवेगळी होणारी मुलगी, जिला त्याच वर्षीं कायद्यानें अनौरस ठरविण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं राजाचा जेन सेमूरशीं वाङ्‌निश्चय झाला आणि ता. ३० मे रोजीं विवाहही उरकला. तेव्हां तिसरी अट ही कीं, देवळांत शिरतांना आपण जोडे दारांत काढून ठेवतों त्याप्रमाणें पुढचें ज्ञान दाराबाहेर काढून ठेवावें. ही अट सर्वांत कठीण आहे. कारण जोडे काढतां येतात, माहिती काढतां येत नाहीं. क्रॉमवेलकडे पाहतांना आपणांस लगेच आठवतें कीं, ता. २८ जुलै १५४० रोजीं त्याचेंही मस्तक याच राजाच्या आज्ञेनें उडणार आहे, आणि त्याच दिवशीं राजा पांचवें लग्न लावणार आहे. त्या सकाळीं मात्र क्रॉमवेलइतका निर्धास्त मनुष्य इंग्लंडांत दुसरा नसावा.

तिसरा मुक्काम व्हाइटहॉलच्या राजवाड्यांत. ता. २८ जानेवारी १५४७ च्या पहांटेपूर्वीं आठवा हेन्री मरण पावला. परंतु राजवाड्यांत उभें राहणाऱ्या पाहुण्याला हें कळणारच नाहीं. नेहमींच्या वेळीं तुताऱ्या वाजत आहेत. राजाचीं जेवणाचीं ताटें नेहमींप्रमाणें त्याच्या महालांत जात आहेत. आंत प्रेत आहे. ता. ३१ पर्यंत ही बातमी दाबून ठेवण्यांत आली. तोंपर्यंत मुलाच्या मामानें नऊ वर्षांच्या एडवर्डला आपल्या हातीं घेतलें आणि सत्तेची वांटणी आपसांत ठरली. येथें उभा असलेला साक्षी जेवणाचीं ताटें पाहून शपथेवर सांगेल कीं, राजा जिवंत आहे. जें प्रत्यक्ष दिसतें तें दुसऱ्यानें मुद्दाम दाखविलेलें असूं शकतें, हा धडा या ताटांपासून घ्यावा.

त्याच रात्रीं टॉवरच्या एका कोठडींत वृद्ध ड्यूक ऑफ नॉर्फोक आपल्या मरणाची वाट पाहत बसला होता. त्याचा शिरच्छेद २८ जानेवारीच्या सकाळींच व्हावयाचा होता. राजा आधीं गेला, म्हणून तो वांचला. पुढें सहा वर्षें तो कैदेंतच राहिला. मेरीनें १५५३ सालीं त्यास सोडलें आणि पुढच्याच वर्षीं तो आपल्या घरीं अंथरुणावर मेला. कांहीं तासांच्या फरकानें एक मनुष्य वांचतो. त्या फरकाला इतिहासाच्या मोठ्या सिद्धान्तांत जागा सांपडत नाहीं.

चौथा मुक्काम जरा लांबचा आहे. लंडनच्या चीपसाइड या बाजाररस्त्यावर १५५३ सालच्या जुलै महिन्यांत आपण सलग दहा दिवस राहूं. ता. ६ रोजीं सहावा एडवर्ड पंधराव्या वर्षीं वारला. आपली सावत्र बहीण मेरी ही कॅथलिक. राज्य तिच्या हातीं जाऊं नये म्हणून त्यानें स्वतःच्या हातानें वारसाचा एक मसुदा लिहिला होता. तो कागद आजही लंडनमध्यें जपून ठेवलेला आहे. त्यांत आधीं ‘जेनचे पुरुष वारस’ अशा अर्थाचे शब्द होते. मरण जवळ आलेलें, आणि जेनला अद्याप मूलच नाहीं, हें दिसल्यावर दोन लहानसे शब्द मध्यें घुसडून ‘जेन आणि तिचे पुरुष वारस’ असा अर्थ करण्यांत आला. सोळा-सतरा वर्षांच्या त्या विदुषी मुलीला राणी करणारा सारा आधार म्हणजे ते दोन शब्द.

ता. १० रोजीं जेनच्या नांवाची द्वाही फिरली. आपण रस्त्यावर उभे आहोंत. लोक ऐकतात आणि गप्प राहतात. गिल्बर्ट पॉटर नांवाचा दारूच्या दुकानांतला एक पोऱ्या मात्र बोलून जातो कीं, खरा हक्क मेरीचा आहे. दुसऱ्या दिवशीं त्याला याच बाजारांत खोड्यांत अडकवून त्याचे कान कापण्यांत आले. पुढच्या कांहीं दिवसांत सफोककडे मेरीभोंवतीं माणसें जमूं लागलीं. ज्या मंत्रिमंडळानें जेनला राणी म्हणून जाहीर केलें होतें, त्याच मंत्रिमंडळानें ता. १९ रोजीं मेरीला राणी म्हणून जाहीर केलें. त्या संध्याकाळीं याच रस्त्यावर घंटा वाजल्या, होळ्या पेटल्या, लोकांनीं टोप्या उडविल्या. पॉटरचें वाक्य आतां सर्वांच्या तोंडीं होतें. त्याच्या बोलण्यांत चूक नव्हती. तें नऊ दिवस लवकर बोललें गेलें एवढेंच. जेनचा ता. १२ फेब्रुवारी १५५४ रोजीं शिरच्छेद झाला. तिच्या इतिहासांत पॉटरला एखाददुसरी ओळ मिळते. कान गेलेला तो पोऱ्या त्या आनंदाच्या संध्याकाळीं कोठें होता, हें मला तेथें जाऊन पाहावयाचें आहे.

इंग्लंडचा इतिहास इंग्लंडांतच घडत होता असें नाहीं. म्हणून पांचवा मुक्काम आपल्या ओळखीच्या भूमीवर, गोव्यांत, १५८३ सालच्या अखेरीस करूं. एलिझाबेथ गादीवर येऊन २५ वर्षें झालीं आहेत. तिचें अकबर बादशहास लिहिलेलें पत्र घेऊन जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे सोबती पूर्वेकडे निघाले होते. त्या पत्रांत अकबराला ‘खंबायतचा राजा’ म्हटलें होतें. तिच्या दरबाराला हिंदुस्थानची माहिती एवढीच. होर्मुझ येथें इटालियन व्यापाऱ्यांच्या चहाडीवरून पोर्तुगीजांनीं त्यांस पकडलें आणि गोव्याच्या तुरुंगांत आणून टाकलें. त्यांच्या सुटकेसाठीं धडपडणारांत एक इंग्रजच होता : जेजुइट पाद्री टॉमस स्टीफन्स.

हा विल्टशायर परगण्यांत जन्मलेला मनुष्य कॅथलिक होता. एलिझाबेथच्या राज्यांत आपल्या धर्मानें राहणें अशक्य झालें म्हणून तो देश सोडून रोमला गेला, १५७५ सालीं जेजुइट संघांत शिरला आणि ता. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. त्याच संघाचा एडमंड कँपियन हा इंग्रज पाद्री इंग्लंडांत परत गेला; त्याला १ डिसेंबर १५८१ रोजीं लंडनमध्यें हाल करून मारण्यांत आलें. ही बातमी स्टीफन्सच्या कानीं आल्यावांचून राहिली नसावी. असें असूनही, ज्या राणीच्या राज्यांत त्याला थारा नव्हता, तिच्याच प्रजाजनांसाठीं तो गोव्यांत रदबदली करतो. डच गृहस्थ लिन्शोटेन याचेंही साहाय्य झालें. इंग्रज जामिनावर सुटले, आणि १५८४ च्या एप्रिलांत गोव्यांतून निसटून विजापूर, गोवळकोंडें, बऱ्हाणपूर या वाटेनें अकबराकडे गेले. फिच १५९१ सालीं लंडनला परतला. ता. ३१ डिसेंबर १६०० रोजीं एलिझाबेथनें ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली; त्या कंपनीच्या चालकांनीं याच फिचचा अनुभव विचारून घेतला.

तुरुंगाच्या दाराशीं उभा असलेला तो पाद्री आपण काय करीत आहों हें कसें जाणणार? आपण ज्याला सोडवितों त्याच्या पावलांमागून कंपनी येईल, हें त्याच्या स्वप्नींही नव्हतें. त्याला दिसत होते ते परमुलखांत अडचणींत पडलेले चार देशबंधु. स्टीफन्स इंग्लंडला कधींच परतला नाहीं. साष्टींत त्यानें चाळीस वर्षें काढलीं, मराठी आपलीशी केली, आणि त्याचें ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६१९ सालीं तो वारला. ट्यूडर इंग्लंडनें आपल्या एका विद्वान् पुत्राला घराबाहेर काढलें, आणि तो मराठीचा कवि झाला. इंग्लंडच्या पाठ्यपुस्तकांत एलिझाबेथच्या धर्मनीतीचे परिणाम सांगतांना हा परिणाम कोणी सांगत नाहीं.

सहावा मुक्काम टेम्सच्या कांठीं टिलबरीच्या छावणींत, ता. ९ ऑगस्ट १५८८. सुमारें १३० जहाजांचें स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून आलें होतें. इंग्रज अद्याप जुनी कालगणना पाळीत. तिच्याप्रमाणें २८ जुलैच्या रात्रीं कॅलेसमोर पेटतीं जहाजें सोडून त्यांनीं आरमाराची मांडणी उधळली आणि दुसऱ्या दिवशीं ग्रॅव्हलिन्सजवळ लढाई दिली. वाऱ्यानें स्पॅनिश जहाजें उत्तरेकडे लोटलीं. म्हणजे राणी घोड्यावर बसून छावणींत आली तेव्हां मुख्य धोका टळून गेला होता. पण हें आपण म्हणतों. छावणींतल्या शिपायांना आरमार परत फिरेल कीं काय, समोरच्या किनाऱ्यावरचें ड्यूक ऑफ पार्माचें सैन्य खाडी उतरून येईल कीं काय, हें माहीत नव्हतें. त्यांची छाती धडधडत होती ती खरीच होती.

राणीनें तेथें केलेलें भाषण इंग्रजी भाषेंतील प्रख्यात भाषणांपैकीं एक आहे. स्त्रीदेहांत राजाचें मन असल्याचा त्यांतील आशय सर्वांस परिचित आहे. परंतु आज प्रचारांत असलेला त्याचा पाठ, छावणींत हजर असलेल्या लेनेल शार्प या धर्मोपदेशकानें पुष्कळ वर्षांनीं लिहिलेल्या एका पत्रांतून आला, आणि तें पत्र छापलें गेलें १६५४ सालीं. म्हणून कालयंत्र खरोखर लाभलें तर येथें कान देऊन उभें राहावेंसें वाटतें. हजारों माणसांच्या मैदानांत, ध्वनिक्षेपक नसतांना, मागच्या रांगेंतल्या शिपायाला त्यांतले किती शब्द ऐकूं आले असतील? बहुतेकांना दुरून दिसली असेल घोड्यावरची एक आकृति, आणि पुढच्यांनीं आरोळी दिली म्हणून त्यांनींही दिली असेल.

आपली दुसरी अट येथें फार टोंचते. कारण आपण टिलबरीला उभे आहोंत, मार्गेटला नाहीं. आरमारप्रमुख लॉर्ड हॉवर्ड यानें दुसऱ्याच दिवशीं, १० ऑगस्टला, कोषाध्यक्ष लॉर्ड बर्ली यास पत्र पाठवून कळविलें कीं, मार्गेटला उतरलेले खलाशी आसऱ्याला जागा नसल्यानें रस्त्यांतच मरत आहेत. लढाईंत वांचलेलीं हीं माणसें सांथीनें आणि उपासमारीनें मेलीं. कित्येकांना पगार मिळाला नव्हता. ज्यांनीं देश वांचविला ते मार्गेटच्या रस्त्यावर, आणि देश वांचल्याचा सोहळा टिलबरीला. टिलबरीचा साक्षी खोटें बोलणार नाहीं. पण त्याच्या साक्षींत मार्गेट नसेल. तें हॉवर्डच्या पत्रांत आहे, आणि तें पत्र वाचावयास कालयंत्र लागत नाहीं.

शेवटचा मुक्काम रिचमंडच्या राजवाड्यांत, १६०३ सालचा मार्च महिना. राणी ६९ वर्षांची झाली आहे. तिनें लग्न केलें नाहीं, मूल नाहीं, आणि आपल्यामागें कोण हें उघडपणें कधींही सांगितलें नाहीं. ती दिवस-दिवस जमिनीवरच्या उशांवर बसून राहते, बिछान्यावर जाण्यास तयार होत नाहीं. अखेरीस वाचा जाते. मंत्री भोंवतीं जमतात आणि वारसाचें नांव विचारतात. स्कॉटलंडच्या राजाचें नांव निघतांच तिनें हात मस्तकाकडे नेला, असें तिचा आप्त सर रॉबर्ट कॅरी यानें लिहून ठेवलें आहे. मंत्र्यांनीं तो होकार मानला.

श्रोतेहो, या क्षणीं आपण त्या खोलींत उभे असतों तर काय पाहिलें असतें? एक हात हालला, एवढेंच. तो संमतीचा होता, कीं ग्लानींतला होता, कीं नुसत्या वेदनेचा होता, हें डोळे सांगूं शकत नाहींत. अर्थ हाताला नव्हता. तो पाहणाऱ्यांना हवा होता, आणि त्यांनीं तो दिला. ता. २४ मार्चला पहांटेच्या सुमारास राणी गेली. कॅरी घोड्यावर बसला, वाटेंत पडला, त्याच्या डोक्याला घोड्याची लाथ लागून रक्त वाहिलें, तरी सुमारें चारशें मैल तोडून २६ तारखेच्या रात्रीं तो एडिंबरोच्या राजवाड्यांत पोंचला. तेथें त्यानें स्कॉटलंडच्या राजाला इंग्लंडचा राजा म्हणून मुजरा केला. ट्यूडर घराणें संपलें.

आतां परत फिरूं. या प्रवासांत आपणांस पुस्तकांहून अधिक माहिती मिळाली काय? माझ्या मतें कमीच मिळाली. बॉसवर्थला हाडांनीं सांगितलें तें डोळ्यांना दिसलें नसतें. व्हाइटहॉलला डोळ्यांनीं आपणांस फसविलेंच असतें. टिलबरीला उभें राहून मार्गेट कळलें नसतें. इतिहासकार दहा ठिकाणचे कागद एकत्र आणतो, म्हणून तो साक्षीदाराहून अधिक जाणतो. त्याच्या परिश्रमाला कालयंत्र हा पर्याय नव्हे.

परंतु साक्षीदाराजवळ एक वस्तु असते, जी इतिहासकाराच्या हातून सहज निसटते. ती म्हणजे न कळण्याचा अनुभव. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, अशी आपल्यांत म्हण आहे. आपण सगळे इतिहासाचे वाचक ‘मागचे शहाणे’ आहों. ठेंच स्टॅन्लेला लागली, क्रॉमवेलला लागली, जेनला लागली. त्यांच्या रक्तावर आपलें शहाणपण उभें आहे. तें शहाणपण वापरावें, त्यांत पाप नाहीं. मात्र त्याच्या जोरावर मेलेल्यांना मूर्ख म्हणूं लागलों तर तो अन्याय होईल. त्यांनीं जें ओळखावयास हवें होतें असें आपण म्हणतों, तें त्यांच्या समोर नव्हतें. समोर होतें तें धुकें; आणि त्या धुक्यांत कान गमावण्याइतकें खरें बोलणारा एक पोऱ्या निघाला, शत्रुपक्षाच्या देशबांधवांना सोडविणारा एक पाद्री निघाला. धुक्यांत केलेल्या अशा कृत्यांची किंमत, शेवट ठाऊक असल्यावर ठरविलेल्या यशापयशाहून मोठी आहे.

मुलांना इतिहास सांगणाऱ्या आईबापांना आणि शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. ‘पुढें काय झालें’ हें सांगण्याआधीं क्षणभर थांबावें आणि विचारावें, ‘तू तेथें असतास तर काय केलें असतेंस?’ मूल गोंधळेल, दोन उत्तरें देईल, एक खोडून दुसरें धरील. त्या गोंधळांत तें चीपसाइडच्या रस्त्यावर जाऊन पोंचलेलें असेल. मग त्याला शेवट सांगण्यास हरकत नाहीं.

आपल्याही दिवसांचा शेवट आपणांस ठाऊक नाहीं. शंभर-दोनशें वर्षांनीं कोणी ‘मागचा शहाणा’ आपल्या वर्तमानपत्रांचीं जुनीं पानें उलटील आणि म्हणेल, या लोकांना एवढी साधी गोष्ट कशी दिसली नाहीं! त्यानें आपला न्याय थोडा सबुरीनें करावा, अशी आपली अपेक्षा असेल. तीच सबुरी आपण ट्यूडर काळांतल्या त्या माणसांना आज देऊं या. मला नेमून दिलेली वेळ संपत आली आहे.